टॉवेलच्या काठावर माझा नंबर

“सतीश, माझ्या टॉवेलवर तुझा नंबर काय करतोय?” इरफानभाईंचा फोन आला तेव्हा मी नुकतीच दुसरी भाकरी घेतली होती. ती तशीच राहिली.

इरफानभाईंचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. आठ वर्षं मी तिथं डिझायनर होतो. काम सोपं सांगायचं तर कॉम्प्युटरवर बारीक चौकोनांत चित्र काढायचं, एक चौकोन म्हणजे एक धागा. ती फाइल जॅकार्ड मागावर चढवली की माग तेच चित्र विणतो, चुकांसकट. तीन वर्षांपूर्वी “आता फक्त परदेशी क्लायंट” असं ऐटीत सांगून मी नोकरी सोडली आणि ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या एका फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवर दुकान थाटलं.

सुरुवातीला प्लॅटफॉर्म माझ्या कमाईतला थोडा हिस्सा कापायचा. मग हिस्सा वाढला. पुढं कामासाठी अर्ज टाकायलाही पैसे पडू लागले, काम मिळो न मिळो. पुन्हा फी वाढल्याचा ईमेल आला त्या दिवशी माझं डोकं फिरलं. नेदरलँड्सच्या मारियाबाई माझ्या सगळ्यात मोठ्या क्लायंट, निम्मं घर त्यांच्या कामावर चालायचं. त्यांनी थेट फोन केला असता तर फीची कटकटच मिटली असती. पण चॅटमध्ये नंबर दिला की प्लॅटफॉर्मचा कॉम्प्युटर पकडतो आणि अकाउंट बंद करतो.

म्हणून मी शक्कल लढवली. त्यांच्या नव्या टॉवेलच्या काठावर वेल काढली आणि तिच्या पानाफुलांत माझा मोबाईल नंबर गुंफला. कॉम्प्युटरला ओळखू येऊ नये म्हणून मराठी आकड्यांत. सोबत लिहिलं, ‘काठ नीट बघा, खास तुमच्यासाठी आहे.’ स्वतःवर इतका खूश झालो, की बायकोला, सुनंदाला, चहा करून दिला.

मराठी आकडे मारियाबाईंनाही वाचता येणार नाहीत, हे काही डोक्यात आलं नाही.

त्यांचं उत्तर आलं. काठ फार आवडला, दोन्ही टोकांना घ्या आणि जरा मोठा करा. बदलतो म्हणावं तर कारण सांगावं लागणार. तिकडं कोण वाचणार, असं म्हणून मी माझाच नंबर मोठा करून दिला. बाई माल कुठं विणून घेतात, हे कधी विचारलंच नव्हतं.

“कारागीर म्हणाला, ह्ये आकडे हायत. मोबाईलवर दाबले, तर तुझंच नाव आलं की,” इरफानभाई म्हणाले.

गाडी काढून कारखाना गाठला. छत्तीस टॉवेल निघाले होते. काठ गुपचूप बदलू या, असं मी गयावया करून म्हणालो.

“पार्टीनं पास केलेलं डिझाईन मी बदलत न्हाय. हितंच शिकलास की तू. त्यांना सांग. तवर माग बंद ठेवतो.”

माग बंद म्हणजे त्यांचं नुकसान. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. तिथंच बाकावर बसून चॅटमध्ये सगळं खरं लिहिलं, ती वेल म्हणजे माझा फोन नंबर आहे, फी वाचवायची होती. आता अकाउंटही जाणार आणि बाईही जाणार, असं धरूनच सेंड दाबलं.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. ‘फी मीसुद्धा भरते, सतीश. डिझायनरनं घोळ घातला तर दाद मागायला कुणीतरी असावं म्हणून. नवा काठ आजच पाठवा.’

तिथंच बसून साधा पट्ट्यांचा काठ केला, बाईंनी तो पास केला. संध्याकाळी माग सुरू झाला आणि माझं अकाउंट महिनाभरासाठी बंद झालं. तो महिना मी इरफानभाईंकडे जुन्याच खुर्चीवर काढला. नंतर मारियाबाईंचं काम पुन्हा आलं, त्यावरची फी मी गपगुमान भरली. दुरुस्तीचं काम मात्र फुकट केलं होतं, त्यामुळे त्यातून प्लॅटफॉर्मला एक पैसाही कापता आला नाही. माझ्या लढ्याला आलेलं यश ते एवढंच.

छत्तीस टॉवेल मीच विकत घेतले. घरी आलेल्या कुणी माझा नंबर मागितला, की सुनंदा म्हणते, “हात धुऊन घ्या, टॉवेलवर आहे.”