फरशीवरचं पाणी

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तसे पवित्र गुरुवारी बारा जणांचे धुण्याचा मान यंदा मला मिळाला. अकरा जण घरूनच साबणाने पाय घासून आले होते. बारावी रूथबाई, चर्चची झाडलोट करणारी. तिचेच पाय मळलेले होते. तिला कधी साधा चहाही न विचारणारा मी गहिवरून वाकलो.

"हळू ओता, साहेब. फरशी आत्ताच पुसलीय."

आमच्या नम्रतेचा पसारा दरवर्षी कोण आवरतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. उपासनेनंतर शरमून मी फडकं घेतलं. बघायला कोणी उरलं नव्हतं, याचं, खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं.

रूथबाई म्हणाली, "राहू द्या. तुम्ही पुसलेलं मला परत पुसावं लागेल."