मोठी स्टेपनी आणि कुलूप घातलेलं गाव

बीड सोडलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि जीपच्या आतल्या आरशात मागचा रस्ता दिसायचा बंद झाला होता. दिसत होतं ते नुसतं काळं रबर. तासाभरापूर्वीच मी मागच्या दारावर नवी स्टेपनी बसवून घेतली होती, आधीच्यापेक्षा चांगलीच मोठी, आणि तिने मागची काच जवळजवळ झाकून टाकली होती.

ही हौस नव्हती. मी चित्रकलेची शिक्षिका. सुट्टी मिळाली की सांगलीहून निघते, जुन्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) शोधत आडरानात हिंडते आणि त्यांची चित्रं काढते. त्यासाठीच उन्हाळ्यात जीपला चार मोठी चाकं घातली, पण स्टेपनी जुनी, लहानच ठेवली. आदल्या दिवशी नारायणगडाच्या वाटेवर एक टायर फाटला. त्या जागी लहान स्टेपनी लावली तर गाडी एका पायाने अधू झाल्यासारखी चालायला लागली. बीडपर्यंत तशीच खुरडत आले, फाटलेला टायर बदलला आणि ठरवलं, आता पाचवं चाक चारांच्याच मापाचं.

फिटर अजीमभाईंनी चाक पाहिलं, मागचं दार दोनदा उघडून लावलं आणि मान हलवली.

“ताई, चाक बसतंय. दार न्हाई सोसनार. लई जड हाय, बिजागऱ्या बसत्याल. चासीवरून येगळी फ्रेम काढून देतो, म्हंजे वजन दारावर येनारच न्हाई. उद्या दुपारी गाडी घ्या.”

मला गॅरेजमध्ये कोणी शहाणपण शिकवलं की डोकं फिरतं. वीस वर्षं गाडी चालवते, तरी दर गॅरेजवाला आधी विचारतो, साहेब कुठे आहेत. अजीमभाईंनी तसं काहीच विचारलं नव्हतं, पण वड्याचं तेल वांग्यावर निघालं. “आजच बसवा,” मी म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. मोठं चाक बंपरवर टेकू नये म्हणून जाड लोखंडी पट्टी घालून ब्रॅकेट वर घेतलं, मागचा वायपर काढून माझ्या हातात दिला आणि तीन नट कचकचून आवळले. दार लावताना ते हाताने जरा उचलावं लागत होतं.

“खडखड आली की थांबा,” एवढंच ते म्हणाले.

खडखड पाटोद्याच्या अलीकडेच आली. उतरून पाहिलं, नट घट्ट होते. पुन्हा निघाले तर पुन्हा तेच. मागे कोणीतरी बसून दार वाजवतंय असं वाटायचं आणि आरशात बघावं तर काळं. बालाघाटच्या माथ्यावरचा रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि मैलभर माणूस नव्हतं. मी उगाच गाणं म्हणायला लागले. माझा आवाज काही गाण्यासारखा नाही, तो ऐकून भीती जाण्याऐवजी वाढलीच.

पाटोद्यात भजी खाल्ली, सोबत तळलेल्या मिरच्या आणि दोन कप चहा. हॉटेलवाल्या काकांना मी बारव असलेल्या गावाचा रस्ता विचारला.

“तिकडं कावून चाललात?” ते म्हणाले. “गावात आता कोन न्हाई. समदे उसाला गेले. चार म्हातारी मानसं असत्याल तेवडी.”

उसाला जाणं म्हणजे काय ते आम्हा सांगलीकरांना सांगायला नको. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टर भरून आमच्याकडे येतात आणि कारखान्यांच्या आसपास त्यांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) उठतात. ही माणसं येतात ते गाव मागे कसं राहतं, हे मी आजवर मनात आणलं नव्हतं.

“रिकाम्या गावात आवाज येत्यात म्हनं,” काका म्हणाले. “कुनी हाक मारली तर वळू नका.”

बाकावरचे दोघे हसले. काका हसले नाहीत.

गावात पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. पारापाशी गाडी उभी केली. माळवदाची घरं (मातीच्या सपाट छपराची), अरुंद बोळ, आणि प्रत्येक दाराला कुलूप. उंबऱ्यांवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या, कुत्री-शेळ्या येऊ नयेत म्हणून. एका दोरीवर लहान मुलाचा सदरा राहून गेला होता, उन्हाने विटलेला. माझ्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता.

मारुतीच्या देवळाजवळच्या एका अंगणात मी थबकले. तिथे तुळशी होत्या, चाळीसेक तरी. डब्यांत, फुटक्या घागरींत, प्लास्टिकच्या बादल्यांत. प्रत्येकीवर रंगाने घराचं आडनाव लिहिलेलं. जाताना अख्ख्या गावाने आपापली तुळस इथे आणून ठेवली होती. चाळीस घरांची माणसं रांगेत उभी राहून माझ्याकडे बघताहेत असं वाटलं आणि अंगावर सर्रकन काटा आला.

तेवढ्यात आवाज आला. टक्, टक्, टक्.

गाडी तर लांब पारापाशी बंद उभी होती. मी श्वास रोखून ऐकलं. पुन्हा तीन ठोके, पुन्हा शांत. मी आवाजाच्या दिशेने बोळात शिरले. शेवटच्या घराला कुलूप नव्हतं, कोयंड्यात नुसती कडी पडलेली होती. मी दारापासून हातभर अंतरावर उभी राहिले. आत कोणी बोलत नव्हतं. मग माझ्या तोंडासमोरच ठोके पडले आणि कडी हलली.

मी पळाले. सरळच सांगते, आता लपवून काय करू? एक चप्पल सुटता सुटता राहिली, किल्ली दोनदा हातातून पडली. गाडी दगडांवरून अशी पिटाळली की डोकं टपाला आपटत होतं. मागे खडखडाट चालला होता आणि मला वाटत होतं, ते माझ्याबरोबर निघालं आहे.

दोनेक किलोमीटरवर मोठा आवाज झाला आणि गाडी मागून खेचल्यासारखी झाली. उतरून बघते तर वरची बिजागरी फाटली होती, दार तिरकं लोंबत होतं आणि स्टेपनी बंपरवर टेकली होती. अजीमभाई मनातल्या मनात मला काय म्हणाले असतील ते ऐकू आलं.

चाक काढल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. दोन नट निघाले, तिसरा अडकला. पाना लावून त्याच्यावर हातोडीने ठोकायला लागले. तीन घाव घातले की दंड भरून यायचा, थांबावं लागायचं. परत तीन घाव, परत दम.

हातोडी हातातच राहिली. दाराआडून अगदी असेच ठोके येत होते. तीन, आणि मग थांबून तीन. भुताला कशाला दम लागेल? आणि त्या तुळशी हिरव्यागार होत्या. हिवाळ्यातल्या उन्हात डब्यातली तुळस पाण्याशिवाय आठ दिवस टिकत नाही. त्यांना रोज पाणी घालणारं कोणीतरी गावात होतं, आणि मला ते कुठेच दिसलं नव्हतं.

तो नट कसा निघाला ते आठवत नाही. चाक बाभळीखाली ढकललं, दार दोरीने आवळून बांधलं आणि गाडी वळवली. आता खडखड नव्हती. आरशातून मागचा रस्ता दिसत होता. आवाज येत राहावा, एवढंच मी मागत होते.

बोळात शांतता होती. मी कडी काढली.

दाराशीच एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ठोकून ठोकून चेपलेला रिकामा पितळी तांब्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आत देवापुढचा दिवा विझून गेला होता. तिचे डोळे मिटलेले होते. मी तिचा हात धरला, तो गार होता, पण बोटं हलली. बाटलीच्या बुचातून घोट घोट पाणी दिलं. पहिला घोट ओठांवरून ओघळला, दुसरा तिने गिळला. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले.

तिचं नाव कौसाबाई. पुढच्या सीटवर अर्धवट झोपलेल्या अवस्थेत, बसलेल्या आवाजात तिने मला सगळं सांगितलं. गावाच्या किल्ल्या तिच्याकडे. रोज तुळशींना पाणी घालायचं आणि एकेका घरात जाऊन देवापुढे दिवा लावायचा. बाकीची म्हातारी मंडळी नारायणगडाला दर्शनाला गेलेली.

“काल सकाळी या घरात आले, तर वानरं आत घुसाया लागली. म्या आतून दार ढकललं, तशी भाईरची कडी पडली. माळवदाच्या झरोक्यातून भाईर जावं म्हून वर चढाया गेले, पडले. वरडून वरडून आवाज गेला माय.”

पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात तिला सलाईन लावलं. पाऊल मोडलं होतं, अंगातलं पाणी पार गेलं होतं, पण ती वाचणार होती. नर्सबाई मला म्हणाल्या, “तुमी देवासारख्या आलात.” परत जाऊन, दोघा मेंढपाळांच्या मदतीने स्टेपनी गाडीत घातली आणि बीडला आले. अजीमभाईंनी फाटलेली बिजागरी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांनी आधीच सांगितल्याप्रमाणे, फ्रेम तयार होती.

सांगलीला निघण्याआधी वाट वाकडी करून पाटोद्याला कौसाबाईला भेटायला गेले. ती उशीला टेकून बसली होती, आवाज परत आला होता. तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. तुळशींची तिला काळजी होती. नारायणगडाहून परतलेल्या म्हाताऱ्यांनी पाणी घातलंय, हे मी दोनदा सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मग ती म्हणाली, “तुज्या आधी एक गाडी आलती.”

मी तिचं पांघरूण नीट करायला लागले.

“तुजी न्हाई. ती लई खडखड करीत व्हती. बाई व्हती. चपलांवरून कळतंय की. पार दाराला येऊन हुबी राहिली, मला तिचा सास ऐकू येत व्हता. म्या वाजवलं, तशी पळाली. कावून पळाली असंल गं?”

“भ्याली असेल,” मी म्हणाले.

कौसाबाईने विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घरात काम चुकलेल्या सुनेला सांगावं तसं ती म्हणाली, “भ्याली तर भिऊ दे. पर कडी काढून पळायचं व्हतं.”

ती बाई मीच, असं म्हणायला तोंड उघडलं. तिने माझा हात हातात घेतला होता. मी तोंड मिटलं.

घरी पोचल्यावर सगळे विचारतात, प्रवास कसा झाला. मी त्यांना स्टेपनीची गोष्ट सांगते, लोक हसतात, अजीमभाईंचं ऐकायला हवं होतं म्हणतात. कडीचं मी आज पहिल्यांदाच लिहून सांगते आहे, आणि तेही कौसाबाईला वाचता येत नाही म्हणून.