पुलियाचा चातुर्मास

लखनऊला असताना एका चातुर्मासात मी चहा सोडायचा नेम धरला होता. तीनच दिवसांत हे म्हणाले, "अगं, चहा तू सोडलास आणि भोगतोय मी! सकाळी कुणाला काही विचारायची सोय नाही. देवाला विचार, दुसरं काही चालेल का?"

देवाला विचारलं. दुसरं चालणार होतं! आणि त्या दुसऱ्या नेमातून इतके किस्से साठले की अजूनही चार जणी जमल्या की "तो पानदानाचा सांगा ना" अशी फर्माईश होते. आणि एक सांगितला की त्याचा पदर धरून पुढचा येतोच.

तर झालं असं. यांची केंद्र सरकारची नोकरी, बदली लखनऊला, घर इंदिरा नगरात. गल्लीच्या मागे उघडा नाला. नाल्यापलीकडे मुलींचं इंटर कॉलेज. तिकडे बारावीपर्यंतच्या शाळेला तेच म्हणतात. गच्चीतून शाळेची घंटा ऐकू यायची, पण जायचं तर ट्रकांच्या मेन रोडवरून मोठा वळसा. शेजारच्या सरोज भाभींची पिंकी आठवीत होती. पुढे शिकायचं तर नाल्यापलीकडेच. आणि तिच्या आजोबांनी, म्हणजे बाबूजींनी, निकाल देऊन टाकला होता. "आठवीं बहुत है. लड़की ट्रकों के बीच नहीं जाएगी."

मी पदर सावरून विचारलं, "बाबूजी, नाले पर पुलिया बन जाए तो?"

बाबूजी पेपरमागून म्हणाले, "बन जाए, तो देखेंगे!"

मी घरी येऊन गणपतीपुढे पाणी सोडलं. पुलिया, म्हणजे छोटा पूल, होईपर्यंत रोज एका घरी जाऊन तिच्याबद्दल बोलायचं, मगच जेवायचं. चहा चालू!

*

पहिले काही दिवस लोकांना वाटलं, मी वर्गणी मागायला आलेय. दारं उघडेनात. मी बाहेर पायरीवर बसून राहायची. एका घरच्या भाभींनी खिडकीतून विचारलं, "खाना खाया?"

"पहले पुलिया, फिर खाना," मी म्हटलं.

आता लखनऊच्या माणसाच्या दारात कुणी उपाशी बसलंय, म्हणजे काय! आठवड्याभरात गल्लीत बातमी पसरली. मी फाटकाशी दिसले की आतून पोरं ओरडायची, "अम्मा, जल्दी आओ! मराठी आंटी भूखी हैं!"

*

श्रावणातल्या शुक्रवारी मी सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. तिकडे ही पद्धत कुणाला ठाऊक नाही. दोघी तर लग्न समजून आहेर घेऊन आल्या!

समोरच्या घरातल्या आपा मात्र दाराबाहेरच थांबल्या. वयानं मोठ्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणाल्या, "बहन, हम मुसलमान, ऊपर से बेवा. हमें क्यों बुलाया?"

माझ्या हातात करंडा. तो खाली ठेवला. मग देवासमोरची अत्तरदाणी घेतली आणि त्यांच्या मनगटाला अत्तर लावलं. "पुलियासाठी बोलावलंय आपा, नाला तर तुमच्याही वाटेत आहे!"

आपांनी मनगटाचा वास घेतला. "अत्तर तो ठीक है," म्हणाल्या, "पर ज़रा हल्का है. अगली बार हम लाएँगे."

पुढच्या वेळेपासून सगळ्यांना अत्तरच. आणि बैठक आपांच्या अंगणात.

*

पहिल्याच बैठकीत मी म्हटलं, आधी सगळ्यांनी नावं सांगू या.

"हम बबलू की अम्मा."

"हम तिवारी जी के यहाँ से."

"हम पिंकी की मम्मी."

मी म्हटलं, "ही झाली घरातल्या बाकीच्यांची नावं. तुमचं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या! वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या बायकांना एकमेकींची नावं ठाऊक नव्हती. आणि मी तरी काय, 'मराठी भाभी'! माझं नाव शालिनी, हे मला स्वतःलाच त्या दिवशी नवीन वाटलं.

मग नियमच झाला. बोलायला उभं राहायचं तर आधी स्वतःचं नाव. बबलूच्या अम्मा निघाल्या राजराजेश्वरी! त्या दिवसापासून त्यांची चालच बदलली.

*

बोलायला लागल्या, पण सगळ्या एकदम! पुलियावरून सुरुवात व्हायची आणि गाडी कुणाच्या तरी नणंदेवर जाऊन थांबायची. शेवटी आपांनी आपलं चांदीचं पानदान उचललं. "जिसके हाथ में पानदान, बोलेगी वही. बाक़ी सबके मुँह में पान!"

काय अक्सीर इलाज! तोंडात पान असताना भांडता येत नाही आणि अंगणात थुंकायची आपांची बंदी. पुलिया कुठे हवी, किती रुंद हवी, कठडा हवा की नको, सगळं एका दुपारी ठरलं.

*

नगर निगमची निवडणूक जवळ येत होती. मतदान कसं करतात ते नीट समजावं म्हणून मी आधीच आंब्यांचं मतदान घेतलं. मलिहाबादची दसहरी विरुद्ध लंगडा. पडद्यामागे जायचं, चिठ्ठीवर खूण करायची, तांदळाच्या डब्यात टाकायची. गंमत बघायला पुरुषही आले. बाबूजींनी उभ्या उभ्या जाहीर केलं, "हमारे घर के सारे वोट दसहरी को!" सरोज भाभींनी मान डोलावली. अंगणातही सगळ्यांनी दसहरीचाच जयजयकार केला.

डबा उघडला, तर दसहरी सपाटून आपटलेली!

बाबूजी आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं न्याहाळू लागले. सरोज भाभी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शालिनी जी, मतलब... बताना ज़रूरी नहीं होता?"

*

कार्तिकी एकादशी झाली. हे म्हणाले, "संपला ना नेम?" मी म्हटलं, "पुलिया कुठे झालीय?" यांनी निमूटपणे स्वतःचं पान वाढून घेतलं.

निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. आम्ही प्रत्येक उमेदवाराला आपांच्या अंगणात बोलावलं. त्यातल्या कमलाजी पतीबरोबर आल्या. पोस्टरवर पतीचा फोटो मोठा, कमलाजींचा कोपऱ्यात. प्रश्न विचारला कमलाजींना, की उत्तर पतीचं. "देखिए, हम यह करवा देंगे, हम वह करवा देंगे..."

आपा उठल्या. भलामोठा विडा लावून पतीपुढे धरला. आपांच्या हातचं पान नाकारणार कोण? विडा तोंडात गेला आणि पानदान कमलाजींच्या मांडीवर!

त्यांनी पानदान दोन्ही हातांत धरलं. मग हळूच म्हणाल्या, "मेरा नाम कमला है. पिछली बारिश में इसी नाले में मेरी चप्पल बह गई थी. पुलिया तो मुझे भी चाहिए!"

पती "उँ... उँ..." करायला लागले. आपा म्हणाल्या, "थूकिएगा नहीं भाई साहब, बनारसी पत्ता है!"

कमलाजी निवडून आल्या. आमच्यातल्या कुणी मत कुणाला दिलं, ते कुणी कुणाला विचारलं नाही. पण त्यानंतर दर आठवड्याला कमलाजींच्या दारात आमच्यातली एक जण जाऊन बसायची. उपाशी!

पुढच्या पावसाआधी पुलिया झाली. कठड्यासकट.

*

नेमाचं शेवटचं घर मी बाबूजींचंच ठेवलं होतं. आपा बरोबर होत्या. मी म्हटलं, "बाबूजी, पुलिया बन गई."

बाबूजी पेपरमागून म्हणाले, "देखेंगे कहा था बहू. भेजेंगे नहीं कहा था."

सरोज भाभी दारामागे पदर चावत उभ्या. आपांनी विडा लावला आणि बाबूजींपुढे धरला. त्यांनी सवयीनं घेतला. तेवढ्यात आतून पिंकी आली. तिनं आपांच्या हातातलं पानदान घेतलं आणि आजोबांपुढे उभी राहिली.

"मेरा नाम पुष्पा वर्मा है. मुझे नौवीं में पढ़ना है."

बाबूजींचं तोंड भरलेलं. ते पान चघळत राहिले. चघळतच राहिले. मग उठले, काठी घेतली आणि पुलियाकडे चालू लागले. मागे पिंकी, मागे आम्ही. कठडा काठीनं ठोकून पाहिला, मधोमध पाय आपटून पाहिला, आणि पलीकडे उतरून थेट शाळेच्या ऑफिसात!

मोठ्या बाईंनी अदबीनं विचारलं, "आपका शुभ नाम?"

बाबूजींनी घसा साफ केला. "जी, हम पुष्पा वर्मा के दादा हैं."

*

तर बायांनो, हा चातुर्मास येतोय. चहा सोडू नका, घरच्यांना त्रास होतो. रोज एक दार वाजवायचा नेम तेवढा धरा. आणि दार उघडलं की आधी स्वतःचं नाव सांगा.