एका दावणीच्या दोन गाई

नसरापूरला वेल्ह्याची एसटी दिसली की अजूनही माझा जीव तिकडं ओढ घेतो. लम्पीच्या साथीत मी डोंगरातल्या एका धनगरवाड्यावर रोज जायचे. त्या रोगाच्या विषाणूवर आम्ही नवं औषध तपासत होतो, आणि त्या कामातली सगळ्यांत नवखी नि तापट डॉक्टर मीच.

तिथल्या एका मावशींच्या तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्ही गाईंच्या अंगभर गाठी आल्या होत्या. मी मावशींना समजावलं होतं. नेहमीचे उपचार दोघींनाही मिळतील, पण एकीच्या पुडीत नवं औषध आणि दुसरीच्या पुडीत तशीच दिसणारी साधी पूड असेल. कुणाच्या पुडीत काय, हे मलाही ठाऊक नव्हतं. पुड्यांवर फक्त गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर होते.

सहाव्या दिवशी मी जरा लवकर पोचले, तर मावशी दोन्ही पुड्या एकत्र पिठात कालवून दोन सारखे गोळे करत होत्या.

"मावशी, हे काय?"

"येकाच दावणीला हायती त्या, बाई. येकीला औषीद नि दुसरीला नुसती पूड? असला पंक्तिभेद माज्याच्यानं न्हाई हुनार. पयल्या दिसापासनं असंच देतिया."

माझं डोकं सटकलं. साऱ्या कामाचा विचका केलात, असं मी त्यांना त्यांच्याच गोठ्यात सुनावलं. वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, दोन्ही गाई यादीतून काढा, उरलेल्या पुड्या परत आणा. नियमाला धरूनच होतं ते.

"मंग आता दोघींस्नीबी काईच न्हाई का?" मावशींनी विचारलं. मी पुड्या पिशवीत भरल्या आणि गाडीला किक मारली.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "पांढरी गेली, बाई. तांबडी हुबी ऱ्हायलीया. तुमी राग सोडा, येकदा जेवाया या."

येते म्हणाले.

पुढं काम संपल्यावर कुठल्या नंबराच्या पुडीत काय होतं, ती बंद यादी उघडली. खरं औषध पांढरीच्या पुडीत होतं. पुरतं मिळालं असतं तर ती वाचली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. अर्धं मावशींनी वाटून टाकलं आणि उरलेलं मी उचलून आणलं, एवढं मात्र खरं. त्या गोठ्याची, मावशींच्या "बाई" म्हणण्याची फार आठवण येते. पण मी गेले की त्या विचारणार, औषीद कुनाच्या पुडीत व्हतं? आणि त्यांच्या पुढ्यात जेवायला बसून मला खोटं बोलता येणार नाही.