गेरूची खूण

कॉम्प्युटर रूममध्ये तात्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. खुर्ची होती, खुर्चीवर त्यांच्या बायकोने शिवलेली उशी होती, आणि तात्या दारापासून खिडकीपर्यंत सहा पावलं जायचे, सहा पावलं यायचे. बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दूध डेअरीचा कारभार नव्वदीत कॉम्प्युटरवर आला, तेव्हापासूनची ही येरझार. "बसा की तात्या," म्हटलं तर म्हणायचे, "बसल्यावं कळप कुठं गेला कळतंय व्हय?"

त्यांच्या वडिलांची मेंढरं होती, ती खोड अंगात मुरलेली. इथे त्यांच्या हाताखाली दोनच मशीन. एकावर खरी डेअरी चालायची, दुसऱ्यावर तिची नक्कल, नव्या कारकुनांनी हात बसवायला. दर महिन्याला खरीवरून ताजी नक्कल उतरवायची. ती उतरली की तात्या कुणाला कीबोर्डपाशी फिरकू देत नसत. आधी तिचं नाव 'खोटी डेअरी' करायचं. मग पडदा लाल. मग ठरल्या वेळी आपोआप सुटणारी कामं बंद, खरे पासवर्ड रद्द आणि टँकरच्या चिठ्ठ्या छापणाऱ्या गेटवरच्या प्रिंटरशी असलेलं नातं तोडायचं. शेवटी डबीतला गेरू काढून मॉनिटरच्या कपाळाला बोट, मेंढराला खूण करतात तसं.

"नकलेला ठावं नसतं ती नक्कल हाय म्हणून," ते म्हणायचे. "ती खरंच समजून काम करती."

मी बाविशीचा ऑपरेटर. कॅन्टीनमध्ये मी तात्या करून दाखवायचो. सहा पावलं आणि गेरूऐवजी चटणी. टाळ्या पडायच्या.

एका मे महिन्यात तात्यांना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि नक्कल मी उतरवली. नाव, रंग, पासवर्ड, सगळं झोकात. गेरूही लावला. प्रिंटर तेवढा राहिला, कारण कॅन्टीनची भजी गरम होती. नव्या कारकून बाईंनी सरावाला एक चिठ्ठी काढली: टँकर चार, निरवांगी. ती गेटवर छापून आली. काटेवाडीला जायचा टँकर ती घेऊन सुटला.

तासाभराने तात्या परतले आणि काटेवाडीच्या दूध केंद्राचा फोन आला. "तात्या, टँकर आमच्या म्होरनं गेला. हॉर्न वाजवला, थांबला न्हाय. कॅन उन्हात हायत."

तात्यांनी मॉनिटर पाहिला, मग मला. "रंग लावला आन् मेंढरं कोंडायची वाघूर उघडी ठिवली व्हय?"

माझ्या मोटरसायकलवर निघालो. तिथेही ते बसले नाहीत. फूटरेस्टवर उभे राहून, माझे खांदे धरून, रस्ता न्याहाळत राहिले. निरवांगीच्या अलीकडे टँकर गाठला. ड्रायव्हर उलट आमच्यावरच. "चिठ्ठीत निरवांगी हाय. मी काय मनानं आलो व्हय?"

परत काटेवाडीला पोचेपर्यंत निम्मे कॅन नासले होते. एका म्हातारीने झाकण उघडून वास घेतला आणि कॅन रस्त्याकडेच्या चारीत उपडा केला. तात्या पाहत राहिले. मला बघवलं नाही.

साहेबांना ते म्हणाले, "प्रिंटर माझ्याकडनं राहिला." नंतर आठ दिवस त्यांची पावलं माझ्या पाठीमागेच वाजत होती. कॅन्टीनमधला माझा खेळ त्या दिवसापासून बंद.

निवृत्तीच्या दिवशी ते म्हणाले, "नक्कल उतरव." मी प्रिंटरपासून सुरुवात केली. पाठीमागे सहा पावलं जात होती, सहा येत होती. आपोआपची कामं. पासवर्ड. नाव. रंग. गेरूच्या डबीत बोट घातलं तेव्हा लक्षात आलं की पावलं थांबलीत.

वळून पाहिलं. तात्या उशीवर टेकले होते, मांडी घालून.

"चा सांग," ते म्हणाले.