लाइनवर राहा

विद्याधरकाकांनी माईक डाव्या हातात घेतला. उजव्या हाताची मूठ कानाला लावली. कमरेत थोडे वाकले आणि बायकी आवाज काढून म्हणाले, "येस सर. येस सर. सॉरी सर."

हॉल हसला.

अमेरिकेत, रेडमंडमधल्या एका शाळेचं कॅफेटेरिया आमचं मराठी मंडळ शनिवारी भाड्यानं घेतं, तोच हा हॉल. पुढे मुलं, मागे आईबाप, भिंतीकडेच्या टेबलावर बटाटेवड्यांचे ट्रे. कार्यक्रम होता फसव्या फोनपासून आणि ईमेलपासून सावध राहण्याचा. मी स्टेजवर काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते माझीच नक्कल करत होते.

मीही हसले. सगळे हसतात तेव्हा आपण हसलो नाही तर उठून दिसतो.

मग काका सरळ झाले, घसा साफ केला. "हसण्यावारी नेऊ नका. आपल्या घरांत तीन-तीन पिढ्या शिकलेल्या. आपल्याला असे फोन लगेच ओळखू येतात. सगळ्यांचं तसं नसतं. घरात पहिल्यांदाच कोणी शिकलेलं असलं, की साहेबाचं नाव ऐकून माणूस घाबरतं. तिचा दोष नाही. आपणच सांभाळून घ्यायचं."

टाळ्या पडल्या. माझी मुलगी मित्रा पुढच्या रांगेत होती. सहावीत आहे. तिला मराठी बोलायला अवघड जातं, पण कळतं सगळं. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

काका मंडळाचे अध्यक्ष. एका मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले. नवीन आलेल्याला अपार्टमेंटपासून डेंटिस्टपर्यंत सगळं तेच सांगतात. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. माझ्या नवऱ्यानं त्यांना विश्वासानं मला आलेल्या फोनचं सगळं सांगितलं, वकिलाचं नाव हवं होतं म्हणून. काकांनी नाव दिलं. आणि मला स्टेजवर बोलावलं. "दोन शब्द बोल, इतरांना उपयोग होईल." मी हो म्हटलं.

तो फोन आला तेव्हा मी घरून काम करत होते. आधी ईमेल आला. वर सरकारी चिन्ह, खाली माझं पूर्ण नाव, स्पेलिंगसकट बरोबर. तुमच्या कागदपत्रांत तफावत आढळली आहे, अधिकारी संपर्क करतील. थोड्या वेळानं फोन वाजला. शांत, जाड, अमेरिकन आवाज. तुमची डिग्री खोटी असल्याची तक्रार आहे, तुमचा व्हिसा तपासणीखाली आहे, लाइनवर राहा. फोन ठेवलात तर तुम्ही सहकार्य नाकारलंत असं धरू. नवऱ्यालाही सांगू नका.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. घरात कोणी नव्हतं. तरी उभी राहिले.

सगळी दुपार मी उभीच होते. पाणी प्यायला जाऊ का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, जा. मित्रा शाळेच्या बसमधून आली, फ्रीजजवळ थांबली. "मॉम, हू इज ही?" मी तोंडावर बोट ठेवलं. तिच्यासमोर मी त्याला येस सर म्हणत होते. पासपोर्टचे फोटो पाठवले. फोन चालूच ठेवून त्यानं सांगितली ती गिफ्ट कार्डं दुकानातून आणली आणि त्यावरचे नंबर वाचून दाखवले. पैसे गेले. किती गेले ते सगळे विचारतात, मी सांगत नाही.

शेवटी फोन त्यानंच ठेवला. मी आणखी काही वेळ तो कानाला धरून होते.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दर वर्षी ऑफिसचं ट्रेनिंग करते, असे ईमेल कसे ओळखायचे त्याचं. सरकार असा फोन करत नाही, कार्डं मागत नाही, हे मला ठाऊक होतं. त्या दुपारीही ठाऊक होतं. माझ्या टीममधल्या दोघांना मीच असे ईमेल दाखवून वाचवलं होतं. मग मी का फसले, ते मला स्वतःलाच कळत नव्हतं. लाज वाटत होती. बाकी काहीच वाटत नव्हतं. जेवत होते, गाडी चालवत होते, मित्राचा डबा भरत होते.

ते कळलं स्टेजवर. काका सांगत होते, "मलाही हाच फोन आला होता. तुमची डिग्री खोटी आहे म्हणे! मला हसूच आलं. म्हटलं, आय विल कॉल यू बॅक, आणि ठेवला. बास. इतकं सोपं आहे."

काकांना हसू आलं होतं.

मला अकोल्याचं कॉलेज आठवलं. वर्ग चालू असताना ऑफिसातला क्लार्क दारात यायचा. "व्हॅलिडिटी कोणाची बाकी आहे? उभे राहा." व्हॅलिडिटी म्हणजे आमची जात खरी असल्याचा समितीचा कागद. आम्ही चारपाच जण उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून मोजून घ्यायचा, कोण कोण ते. कागद खोटा निघाला तर ॲडमिशन जाईल, असं तो प्रत्येक वेळी बजावायचा. त्या कागदासाठी माझे बाबा एसटी डेपोतून रजा टाकून समितीच्या ऑफिसात यायचे. आजोबा काय काम करायचे, गावात कुठल्या बाजूला राहायचे, असं तिथले साहेब त्यांना विचारायचे. बाबा हात बांधून हो साहेब म्हणायचे. साहेब मधेच चहाला जायचे. आम्ही तिथंच उभे. हललो तर नंबर जायचा, नंबर गेला तर कागद, कागद गेला तर शिक्षण. मी इंजिनीअरिंग शिकले त्याआधी हे शिकले. साहेबानं जा म्हटल्याशिवाय हलायचं नाही.

फसवणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो सगळ्यांना तेच वाक्य म्हणत असणार, तुमचा कागद खोटा आहे. काकांना ते आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं. मी ते ऐकतच मोठी झाले.

"बोल गं," काकांनी माझ्या हातात माईक दिला. "लाजू नकोस."

मी आभाराची वाक्यं पाठ करून आले होते. ती बोलले नाही. म्हणाले, "काका, तुम्हाला हसू आलं, कारण तुमच्याकडं कोणी कधी कागद मागितला नाही. मला भर वर्गात उभं करून मागितला. माझी जात खरी आहे का बघायला. मी अडाणी म्हणून घाबरले नाही. मला घाबरायला शिकवलं होतं. ते तुम्हाला शिकावं लागलं नाही. आणि माझी नक्कल करू नका."

आवाज थरथरला नाही. बरंही वाटलं नाही. माईक टेबलावर ठेवला आणि खाली उतरले.

शुभाकाकू, काकांच्या बायको, दारापर्यंत मागे आल्या. "अगं, इथं कशाला हे विषय? अमेरिकेत कोण बघतंय जात?" त्यांच्यामागे लोक वड्यांच्या रांगेत उभे होते. आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. कालपर्यंत मित्राला गाडीतून घरी सोडणारी मैत्रीण फोनमध्ये डोकं घालून उभी होती.

गाडीत नवरा म्हणाला, "काय गरज होती यार? आपलं बरं चाललं होतं."

बरं चाललं होतं म्हणजे आम्ही गप्प होतो. मी त्याला तसं म्हटलं नाही. पाऊस होता, तो ड्राइव्ह करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. आवाज मऊ. "हे बघ बाळा, मी अजिबात रागावलेलो नाही. पण लोक दुखावलेत. आज संध्याकाळपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाक, बोलण्याच्या भरात गैरसमज झाला म्हणून. मजकूर मी पाठवतो, तू फक्त टाक. कमिटी मित्राचं मंडळाच्या नाटकातलं काम काढायचं म्हणतेय. मी कसंबसं थांबवलंय. आणि हे आपल्यातच राहू दे, मिस्टरांना कशाला त्रास."

हा क्रम मला तोंडपाठ होता. आधी गोड बोलायचं. मग भीती घालायची. मग घाई करायची. मग म्हणायचं, कोणाला सांगू नकोस.

ओट्याशी मी ताठ उभी होते. ते माझ्या लक्षात आलं. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"काका, मी टाकणार नाही."

"अगं थांब, ठेवू नकोस. काकूशी बोल."

मी ठेवला. तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मी नंबर ब्लॉक केला.

मित्राला त्या नाटकात सहा वाक्यं होती. इंग्रजी अक्षरांत लिहून, आरशासमोर म्हणून तिनं ती पाठ केली होती. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"बिकॉज ऑफ व्हॉट यू सेड?"

"हो."

"आर यू गोइंग टू से सॉरी?"

"नाही."

ती रडली. मी तिची समजूत काढली नाही. रडून झाल्यावर तिला आमची जात सांगितली, नावानं. बाबा कुठं उभे राहायचे ते सांगितलं. इतकी वर्षं तिला यातलं काही कळू दिलं नव्हतं. तिनं एकच विचारलं, "डू दे नो?"

"त्यांना आधीपासून माहीत आहे," मी म्हटलं. "फक्त तुला माहीत नव्हतं."

या शनिवारी तालीम आहे. मी मित्राला घेऊन जाणार आहे. नवरा येणार नाही म्हणतो, न येवो. तिचं काम काढलं असेल तर ते फोनवर चालणार नाही. तिच्यासमोर, सगळ्या मुलांसमोर, आईबापांसमोर सांगावं लागेल, आणि कारणही सांगावं लागेल. ते सांगताना त्यांना जात हा शब्द उच्चारावा लागेल. तो त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आम्ही दोघी तिथून उठणार नाही.