शोभाच्या सोबतीला कुंदा

आमच्या घरात भौतिकशास्त्र जितकं सावकाश शिकवलं गेलं, तितकं ते जगाच्या पाठीवर कुठेही शिकवलं गेलं नसेल. तरफ हा धडा पुस्तकात जेमतेम अडीच पानांचा होता. मी तो अख्खा मे आणि वर अर्धा जून पुरवला, आणि तरीही तिसऱ्या प्रकाराची उजळणी राहूनच गेली.

मॅट्रिक अकरावीला होती तेव्हाची ही गोष्ट. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि नोकरी मिळेपर्यंत (म्हणजे कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं) नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत भौतिक आणि गणिताच्या ट्यूशन घेत होतो. सकाळी पोरांची बॅच असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत काळमेघ काका त्यांच्या शोभाला घेऊन आले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. सदर बाजारात कापडाचं दुकान आणि सावनेरकडे शेती.

"मास्तर, पोरगी मॅट्रिकले बसन यंदा," काका म्हणाले. "पोरांमध्ये नाही बसवणार. दुपारून एकटीले शिकवा."

"चालेल न काका."

"एकटी नाही येणार ती. तुमचं लगन व्हायचं आहे अजून. मोठी बहीण येईन सोबतीले. ते बसन आपलं कोपऱ्यात."

लग्न न झालेल्या मास्तरकडे मुलगी एकटी पाठवायची नाही, हा तेव्हाचा अलिखित कायदा होता. दुसऱ्या दिवशी शोभा आली, आणि तिच्या मागून हातात सूप घेऊन कोपऱ्यात बसायला कुंदा आली. माझं सगळं गणित तिथेच चुकलं.

कुंदा दिसायला कशी होती, हे सांगायचा मी आजवर पुष्कळदा प्रयत्न केला आहे आणि दर वेळी माझी बायको खोलीत आली आहे. त्यामुळे ते राहू द्या. कुंदा मागे कधीतरी मॅट्रिकला गणितात गचकली होती आणि घरी बसली होती. आता वर्षाचे गहू निवडायचे दिवस होते, म्हणून ती गहू घेऊन यायची. दारांना वाळ्याच्या टट्ट्या लावलेल्या, त्यांवर पाणी मारलेलं, खोलीत गार अंधार, शोभाची पेन्सिल खरखरतेय आणि कोपऱ्यात सुपातले गहू सरकल्याचा बारीक आवाज. तो आवाज थांबला की माझं वाक्य थांबायचं. आज इतक्या वर्षांनीही कुठे कोणी गहू निवडताना दिसलं, तर मी विनाकारण उभा राहतो.

आणखी एक गोष्ट होती. आमच्या नागपुरात रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे एकमेकांचे भाऊ असतात. गल्लीतल्या यच्चयावत मुली मला सुधाकरभाऊ म्हणत. कुंदाने मला कधीच भाऊ म्हटलं नाही. ती मला काहीच म्हणत नसे. पाणी हवं असलं तर हवेत बघून "पाणी मिळन का?" असं म्हणायची. या काहीच न म्हणण्यावर मी पूर्ण संसार उभा केला होता.

आता माझी अडचण लक्षात घ्या. शोभा हुशार होती. भराभर शिकवलं असतं तर पोर्शन जूनमध्ये संपला असता, शोभाची ट्यूशन बंद आणि तिच्याबरोबर कोपराही रिकामा. वाईट शिकवलं असतं तर काळमेघ काकांनी दुसरा मास्तर गाठला असता. म्हणून मी मधला मार्ग काढला. चांगलंच शिकवायचं, पण तेच ते शिकवायचं.

"सर, हे तं मांगच्या हप्त्यातच झालं," शोभा म्हणायची.

"पाया पक्का पाहिजे शोभा."

"पाया किती दिवस खोदता सर? घर कधी बांधसान?"

कोपऱ्यात सूप क्षणभर थांबायचं. ती हसली असं मी समजायचो आणि टेकू म्हणजे काय ते नव्याने सांगायला घ्यायचो.

हा उद्योग माझ्या एकट्याचा आहे अशी माझी समजूत होती. पण आईने एक दिवस आमचेही गहू आणून कुंदाजवळ बैठक मारली. "तेवढीच सोबत," ती म्हणाली. आठवड्याभरात तिला कुंदाच्या आवडीनिवडी, कुंदाच्या हातच्या पाटवड्या आणि कुंदाची रास, सगळं माहीत झालं. पुढे एकदा मी पाणी प्यायला आत गेलो, तर आई निवडलेल्या गव्हाच्या डब्यात परातीतले खडेवाले गहू ओतत होती.

"हे काय करून राहिली तू?"

"गप रे," आई म्हणाली. "गहू संपले तं कोपऱ्यात बसून ते काय करन?"

बाबा या भानगडीत नव्हते. बाबा म्हणजे कारकुनी शिस्तीचा माणूस. ऑफिसात त्यांच्या येण्यावरून लोक घड्याळं लावत, असं ते स्वतःच सांगत. पण एका रविवारी शिकवता शिकवता मला वाटलं की आज शिकवणी सुटायचे साडेपाच काही केल्या वाजत नाहीत. वळून बघतो तर बाबा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बोटाने मागे सारत होते.

"पुढे जाते हे घड्याळ," बाबा खाली उतरत म्हणाले. "दर रविवारी पुढे जाते."

अशा रीतीने एका मुलीला मॅट्रिक होऊ न देण्यासाठी आमचं सगळं घर कामाला लागलं होतं.

व्हायचं तेच झालं. पोरींना घरी यायला उशीर का होतो, ते बघायला काळमेघ काका एक दिवस दुकानातून थेट आमच्याकडे आले. आईने पन्हं दिलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं, खिशातून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरत माझ्याकडे बघितलं.

"काय चालू आहे मास्तर?"

"तरफ."

"मांगच्या महिन्यातही तरफच होती म्हणे. रोज घरी तेच ऐकून राहिलो मी." मग ते शोभाकडे वळले. "सांग पाहू, हा अडकित्ता कोणत्या प्रकारची तरफ?"

मी निर्धास्त होतो. शोभाला हे पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण समजलेलंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलं की समजलेल्या माणसालाही आपलं काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं. पोरीने अडकित्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पहिल्या," ती म्हणाली. "नाही, तिसऱ्या. सर, कोणत्या?"

काकांचा हात थांबला. उद्यापासून कोपरा रिकामा, हे मला समोर लिहिल्यासारखं दिसत होतं.

"दुसऱ्या," कोपऱ्यातून आवाज आला. कुंदा मान वर न करता खडे वेचत होती. "सुपारी मधात राह्यते न बाबा. टेकू एका टोकाले, जोर दुसऱ्या टोकाले. कैची पहिल्या प्रकारची. चिमटा तिसऱ्या."

आत फोडणीला गेलेली आईसुद्धा झारा घेऊन दारात आली.

"तुले कसं येते वं हे?" काकांनी विचारलं.

"ऐकून ऐकून."

"आन गणित?"

"तेही येते थोडं."

काकांनी मला खूण केली. मी घाबरत घाबरत एक वर्गसमीकरण घातलं. तिने शोभाची वही ओढून घेतली, पदराचं टोक कमरेला खोचलं आणि ते सोडवलं. मग दुसरं सोडवलं. तिसरं मी जरा अवघड घातलं (मास्तरकीची खोड), तर तिने माझीच एक चूक दाखवली.

"शाळेत काहून नाही आलं मंग हे?" काकांनी विचारलं.

"तिथले मास्तर पळत सुटायचे बाबा." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ती सरळ माझ्याकडे बघून बोलली. "हे लय हळू शिकवतात. म्हणून समजलं."

माझ्या शिकवण्याबद्दल याहून मोठं प्रशस्तिपत्र मला पुढे कधी मिळालं नाही. आणि ते मिळालं, तेव्हा मला ते घेताना लाज वाटली.

काळमेघ काकांनी अडकित्ता खिशात टाकला. "ऑक्टोबरच्या मॅट्रिकचा फार्म भरतो हिचा," ते म्हणाले. "मास्तर, दोघींलेही शिकवा आता. जोरात."

त्या संध्याकाळी आमच्या घरात सण होता. कुंदा आता कोपऱ्यातून उठून माझ्यासमोर बसणार होती, आणि तीही थेट ऑक्टोबरपर्यंत! बाबांनी घड्याळ बरोबर लावलं. आईने तर पुढचं सगळं ठरवूनच टाकलं.

"मी जातो काळमेघांकडे बोलाले," ती म्हणाली. "पण आता आषाढ लागून राहिला. आषाढात सोयरिकीची गोष्ट काढत नाहीत. श्रावण लागू दे."

आषाढ जाईपर्यंत थांबायचं, इतकंच. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, हे मी उघड सांगतो. ती समोर बसायची. उत्तर आलं की पेन्सिल कानामागे खोचायची, आणि चुकलं की ओठांतल्या ओठांत आकडे मोजायची. बाहेर टट्ट्या उतरल्या होत्या, खोलीत उजेड आला होता. ती एक एक पायरी कशी चढते ते बघताना मी पुष्कळदा विसरून जायचो की मला तिच्याशी लग्न करायचं आहे. घरी गेल्यावर आठवायचं. (म्हणजे ती तिच्या घरी गेल्यावर. मी माझ्याच घरी असायचो.)

आषाढ अर्धा सरला, आणि एक दिवस सकाळीच काळमेघ मंडळी सहकुटुंब दारात उभी राहिली. काका टोपी घालून, काकूंच्या हातात ताट, ताटात नारळ, फुलं, धोतरजोडी. मागे शोभा, आणि नवं पातळ नेसलेली कुंदा.

आईने खिडकीतून ताट बघितलं आणि तिची धांदल उडाली. "अवं बाप्पा, या लोकायलेच घाई झाली," असं म्हणत ती साखर आणायला धावली. बाबांनी बनियनवरच कोट चढवला. मला कोणीतरी (बहुधा मीच) आत ढकललं आणि भांग पाडायला लावलं.

"आम्ही येणारच होतो हो," आई काकूंच्या हातावर साखर ठेवत म्हणाली. "फक्त श्रावणाची वाट पाहून राहिलो होतो."

"श्रावणात कायले?" काकू म्हणाल्या. "गुरुपौर्णिमा तं आज आहे."

साखर आईच्या हातातच राहिली.

काकांनी पाट मांडायला लावला आणि मला त्यावर बसवलं. कुंदाने माझ्या कपाळाला गंध लावलं, नारळ हातात दिला आणि वाकून माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं.

"सर, आशीर्वाद द्या," ती म्हणाली.

इतके दिवस काहीच न म्हणणारी मुलगी अखेर काहीतरी म्हणाली होती.

"हात ठेवा डोक्यावर," काका गहिवरून म्हणाले. "संकोच नका करू गा मास्तर. तिचे गुरू तुम्ही. बापाच्या जागी."

तेव्हा मला मिशी धड फुटली नव्हती. मी हात ठेवला. कुंदाला मी आयुष्यात एकदाच स्पर्श केला, तो असा. तेल लावून घट्ट विंचरलेले केस, मधोमध भांग, आणि त्यावर माझा हात. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सुखी राहा म्हणावंसं वाटत होतं, आणि बरंच काही म्हणावंसं वाटत होतं.

"पास हो," मी म्हणालो.

मंडळी गेल्यावर आई बराच वेळ साखरेची वाटी मांडीवर घेऊन बसली. "आता कसं विचारू रे?" ती म्हणाली. "बापासाठी पोरगी मागाले जाऊ का मी?" बाबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि उगाचच घड्याळाला किल्ली दिली.

तिला नापास करणं माझ्या हातात होतं. एखादं सूत्र अर्धवट सांगितलं असतं, तर मार्चपर्यंत तरी ती येत राहिली असती. एका दुपारी मी तसं ठरवून बसलोही. पण तिने पेन्सिल कानामागून काढली आणि "सांगा सर," म्हणून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी जन्मात शिकवलं नसेल इतकं नीट शिकवलं. कुंदा चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे घेऊन ती स्वतः आली होती, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो.

मॅट्रिक झाल्यामुळे स्थळं वधारली. भिलाईच्या एका इंजिनिअरला शिकलेलीच मुलगी हवी होती. लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. मला आमंत्रण होतंच, आणि मंडपात बसायला जागा मिळाली ती वधूच्या मामा, आजोबा आणि चुलतआजोबांच्या रांगेत. पंगतीतसुद्धा म्हाताऱ्यांबरोबर मला मऊ पोळी वाढली. अक्षता पडल्यावर काळमेघ काका नवऱ्या मुलाला हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आले.

"जावईबापू, हे हिचे सर. पाया पडा."

नवरदेव माझ्याहून निदान सहा वर्षांनी मोठा होता, डोक्यावरचे केस मागे हटलेले, अंगाने चांगला भरलेला. तो कमरेत वाकला आणि त्याने मोठ्या भक्तिभावाने माझे पाय धरले. मी त्याला अगदी मनापासून आशीर्वाद दिला. आयुष्यात मला मिळालेला पहिला जावई होता तो, आणि माझं स्वतःचं लग्न व्हायला अजून चार वर्षं होती.